टोकियोत घडलेला नाताळ

न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या कंपनीने १९६४ साली टीव्हीसाठी बाहुल्यांचा एक नाताळपट केला. पडद्यावर नाव झळकतं त्या पाटीच्या तळाशी, रिवाजाप्रमाणे, हक्क राखून ठेवल्याचं साल रोमन आकड्यांत घातलं होतं. रोमन आकड्यांत एम म्हणजे हजार, सीएम म्हणजे नऊशे, एलएक्स म्हणजे साठ आणि आयव्ही म्हणजे चार. पाटी लिहिणाऱ्याच्या हातून दुसरा एम गळला. नऊशेचे शंभर झाले आणि साल उमटलं ११६४. त्या साली आपले भास्कराचार्य पन्नास वर्षांचे होते. हा हिशेब त्यांच्या नजरेस पडता तर लीलावतीला एका गणिताची पुरवणी मिळाली असती.

चूक साधी, पण तिची किंमत साधी नव्हती. अमेरिकेतल्या तेव्हाच्या कायद्यात हक्काच्या सूचनेला फार महत्त्व होतं. ती चुकली तर हक्कच धोक्यात येई. या चित्रपटावर नेमका किती हक्क उरला, याचा कीस वकील मंडळी अजून काढत असतात. गाण्यांचे आणि मूळ गोष्टीचे हक्क वेगळे नोंदवलेले होते म्हणून निभावलं.

चित्रपटाचं नाव ‘रूडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’. ६ डिसेंबर १९६४, रविवार, संध्याकाळी साडेपाच वाजता एनबीसी या नेटवर्कने तो पहिल्यांदा दाखवला. त्यानंतर एकही नाताळ त्याच्याविना गेलेला नाही. १९७२पासून तो सीबीएसकडे होता आणि २०२४ साली, साठाव्या वर्षी, पुन्हा एनबीसीवर परतला. अमेरिकी टीव्हीवर दरवर्षी न चुकता दाखवला जाणारा इतका जुना विशेष कार्यक्रम दुसरा नाही. लाल नाकाच्या त्या रेनडिअरला आज तिथे देव्हाऱ्यातल्या मूर्तीइतकं ठरलेलं स्थान आहे. एवढं चिरंजीव काम हातून होईल, अशी अपेक्षा मात्र ते करणाऱ्यांनाही नसावी. त्यांना विजेची उपकरणं विकणाऱ्या एका कंपनीची ऑर्डर वेळेत पोचवायची होती.

ऑर्डर घेणारे होते आर्थर रँकिन आणि ज्यूल्स बॅस. रँकिन टीव्हीत कलादिग्दर्शक म्हणून काम केलेला, बॅस जाहिरात संस्थेतून आलेला आणि गाणी लिहिणारा. दोघांनी १९६०मध्ये ‘व्हिडिओक्राफ्ट इंटरनॅशनल’ नावाची कंपनी काढली. पुढे तीच ‘रँकिन/बॅस’ म्हणून ओळखली गेली. या कंपनीची गंमत अशी, की ती ॲनिमेशन स्टुडिओ म्हणून प्रसिद्ध पावली आणि ॲनिमेशन तिच्याकडे जवळपास नव्हतंच. कल्पना, पटकथा, गाणी, चित्रांचे आराखडे आणि गिऱ्हाईक न्यूयॉर्कमध्ये. प्रत्यक्ष हलती चित्रं बाहेर. पहिली मालिका पिनोकिओची होती, पाच-पाच मिनिटांचे १३० तुकडे, आणि ती टोकियोत बाहुल्यांनी केली. दुसरी ओझच्या जादूगाराची, ती कॅनडातल्या ओटावामध्ये चित्रांनी. आज ज्याला आउटसोर्सिंग म्हणतात ते हे लोक साठ वर्षांपूर्वी सहजपणे करत होते.

अशा कंपनीला सणाच्या विशेष कार्यक्रमाची चटक का लागावी, हे कळायला तेव्हाचा टीव्हीचा धंदा पाहावा लागतो. देशात मोठी नेटवर्क तीनच. आठवडाभर ठरलेल्या मालिका. मधेच एका रात्री नेहमीचं सगळं थांबवून एखादा बडा कार्यक्रम लावायचा, सगळा खर्च एका प्रायोजकाने उचलायचा आणि सगळ्या जाहिरातीही त्याच्याच. आपल्याकडची मासिकं अकरा महिने जेमतेम तग धरतात आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर वर्षाचा खड्डा भरून काढतात, हिशेब साधारण तोच. नाताळच्या आधीचे चार आठवडे म्हणजे अमेरिकी घरांत सर्वांत जास्त खरेदीचे दिवस, आणि मुलांसोबत आईबापही टीव्हीसमोर बसलेले.

ॲनिमेशनने या दिवसांत पहिलं पाऊल टाकलं ते १९६२ साली. यूपीए या स्टुडिओने आपल्या मिस्टर मॅगू या मंददृष्टीच्या म्हाताऱ्याला घेऊन डिकन्सची नाताळकथा केली. १८ डिसेंबरला ती एनबीसीवर लागली, प्रायोजक होती टायमेक्स ही घड्याळांची कंपनी. खास टीव्हीसाठी बनवलेला ॲनिमेशनचा हा पहिला नाताळपट. चांगला होता, गाणीही उत्तम. पण यूपीएला त्याचं शास्त्र बसवता आलं नाही. ते काम रँकिन आणि बॅस यांनी केलं.

त्यांचा पहिला प्रयोग सणाचा नव्हता. फेब्रुवारी १९६४मध्ये त्यांनी ओझच्याच पात्रांचा ‘रिटर्न टू ओझ’ हा तासाभराचा कार्यक्रम एनबीसीला दिला. तो ज्या मथळ्याखाली लागला तो होता ‘जनरल इलेक्ट्रिक फँटसी अवर’. विजेच्या दिव्यापासून मिक्सरपर्यंत सगळं विकणारी जनरल इलेक्ट्रिक अशी त्यांच्या हाती लागली. आता त्याच कंपनीसाठी डिसेंबरमध्ये काहीतरी हवं होतं.

रँकिनच्या शेजारी जॉनी मार्क्स नावाचा गीतकार राहत होता. आणि या मार्क्सकडे रूडॉल्फ होता.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण रूडॉल्फचा जन्मही जाहिरातीतलाच. शिकागोतल्या माँटगोमेरी वॉर्ड या मोठ्या दुकानमालिकेत रॉबर्ट मे नावाचा माणूस जाहिरातींचा मजकूर लिहीत असे. १९३९मध्ये वरिष्ठांनी त्याला सांगितलं, नाताळात गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला एक गोष्टीचं पुस्तक लिही. त्या वर्षी मेची बायको कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली होती, घरात लहान मुलगी. जुलैमध्ये बायको गेली. वरिष्ठांनी काम दुसऱ्याला द्यायची तयारी दाखवली, पण मेने ते स्वतःच पुरं केलं. सगळे हसतात असं नाक घेऊन जन्मलेलं एक हरीण धुक्याच्या रात्री सांताच्या गाडीला वाट दाखवतं, ही गोष्ट पहिल्याच नाताळात २४ लाख प्रतींनी घराघरांत गेली. लिहिणाऱ्याला पगारापलीकडे काही मिळालं नाही. १९४७ साली कंपनीने गोष्टीचे हक्क त्याला देऊन टाकले, आणि त्याचं कर्जात बुडालेलं घर वर आलं. जॉनी मार्क्स हा या मेच्या बहिणीचा नवरा. त्याने गोष्टीवर गाणं केलं, १९४९मध्ये काऊबॉय गायक जीन ऑट्रीने ते गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मार्क्स स्वतः ज्यू. नाताळची गाणी हाच पुढे त्याचा चरितार्थ झाला.

मार्क्स आपल्या गाण्याला जपून होता. टीव्हीवर त्याचं मातेरं होईल अशी त्याला धास्ती होती, म्हणून परवानगी सहज दिली नाही. अखेर दिली आणि या चित्रपटासाठी आणखी गाणीही दिली. ‘अ हॉली जॉली ख्रिसमस’ हे आज डिसेंबरात जगभरच्या दुकानांतून वाजणारं गाणं घरोघरी पोचलं ते इथून.

आता अडचण अशी, की गाणं दोन-तीन मिनिटांचं. पडद्यावर भरायची होती पन्नासएक मिनिटं. पटकथाकार रोमिओ म्युलरला मेचं मूळ पुस्तक मिळालं नाही. मग त्याने स्वतःच्या मनाने दुनिया उभी केली, आणि माझ्या मते तिथेच हा चित्रपट वाचला. म्युलरने रूडॉल्फला एक जोडीदार दिला. सांताच्या कारखान्यात खेळणी बनवणाऱ्या बुटक्या कारागिरांपैकी हा हर्मी. याला खेळण्यांत रस नाही, याला दातांचा डॉक्टर व्हायचंय. दोघे घर सोडून पळतात. वाटेत सोनं शोधत हिंडणारा युकॉन कॉर्नेलियस भेटतो, मागे केसाळ हिमराक्षस लागतो, आणि तिघे एका बेटावर येऊन पडतात. हे नको असलेल्या खेळण्यांचं बेट आहे. चौकोनी चाकांची आगगाडी, अंगावर ठिपके असलेला हत्ती, जेली उडवणारं पिस्तूल. कोणत्याही मुलाने ज्यांना घरी नेलं नाही अशा वस्तूंचं अनाथालयच.

आज पाहताना सांता खटकतो. तो चिडका आहे, कारागिरांनी बसवलेलं गाणं कंटाळून ऐकतो आणि रूडॉल्फचं नाक पाहून त्याच्या बापाला, लाज वाटायला हवी, असं सुनावतो. बापही पोराच्या नाकावर चिखलाचं टोपण बसवतो. शेवटी धुकं पडतं, नाकाचा उपयोग होतो, मग सगळे प्रेमाने वागू लागतात. उपयोगाला आलास म्हणून आमचा, असा हा मामला आहे आणि अनेक अमेरिकी पालक त्यावर हल्ली नाराजी व्यक्त करतात. मला मात्र हा सांता खरा वाटतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचा असा चेहरा मुलांनी पाहिलेला असतो. म्युलरने तो गोड केला नाही.

पटकथा न्यूयॉर्कची, आवाज टोरांटोचे. अमेरिकेत टीव्हीने रेडिओ नाटकाचा गळा घोटला होता, कॅनडात ते अजून जिवंत होतं. नुसत्या आवाजावर पात्र उभं करणारे नट तिथे तयार होते आणि न्यूयॉर्कच्या मानाने स्वस्त. रूडॉल्फचा आवाज बिली मे रिचर्ड्स या बाईंचा. हर्मी म्हणजे पॉल सोल्स, रूडॉल्फचा बाप म्हणजे पॉल क्लिगमन. ही दोन नावं आपल्या ओळखीची नसली तरी आवाज काहींच्या कानात असतील. १९६७च्या स्पायडरमॅन कार्टूनमध्ये पीटर पार्कर बोलतो तो सोल्सच्या आवाजात, आणि त्याच्यावर खेकसणारा संपादक जेमसन क्लिगमनच्या. दूरदर्शनवर हा जुना स्पायडरमॅन पाहिलेली आपली पिढी आज पन्नाशीत पोचली आहे.

ध्वनिमुद्रण झाल्यावर प्रायोजकांच्या बाजूला वाटलं, एखादं मोठं नाव हवं. म्हणून निवेदक हिममानवाच्या तोंडी गायक-नट बर्ल आइव्ह्ज आला आणि मुख्य गाणी त्याच्याकडे गेली. कॅनडातल्या नटांचा करार मात्र ठरावीक मुदतीचा होता. मुदत सरल्यावर पुढच्या पाच-सहा दशकांच्या पुनःप्रक्षेपणांत त्यांना वाटा नव्हता.

आवाजाच्या फिती मग टोकियोला गेल्या. तिथे होते तादाहितो मोचिनागा, आणि या सगळ्या कहाणीतला सर्वांत विलक्षण माणूस मला तरी तोच वाटतो.

मोचिनागांचा जन्म १९१९चा, लहानपणाचा काही काळ मांचुरियात गेलेला. युद्धकाळात ते जपानमध्ये चित्रांचं ॲनिमेशन करत. काचांच्या थरांवर चित्रं मांडून खोली दाखवणारा मल्टिप्लेन कॅमेरा जपानमध्ये पहिल्यांदा बांधला तो त्यांनी, १९४१च्या ‘आरीचान’ या मुंगीच्या पोराच्या लघुपटासाठी. १९४५मध्ये ते पुन्हा मांचुरियात गेले, जपान हरला, आणि ते तिथेच राहिले. चिनी कम्युनिस्टांनी उभारलेल्या चित्रपट स्टुडिओत ते काम करू लागले. फांग मिंग हे त्यांचं चिनी नाव. तिथे कागद, रंग, सेल्युलॉइड या सगळ्याचीच टंचाई. बाहुल्या मात्र लाकूड-कापडाच्या होतात. १९४७ साली त्यांच्या हातून चीनचा पहिला बाहुलीपट घडला, ‘सम्राटाचं स्वप्न’. विषय होता च्यांग कै-शेकची टिंगल. १९५३मध्ये ते जपानला परतले, बाहुलीपटांचा स्वतःचा स्टुडिओ काढला, बिअरच्या जाहिराती केल्या, मुलांच्या गोष्टी केल्या. त्यांच्या एका बाहुलीपटाला १९५८मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या महोत्सवात बक्षीस मिळालं आणि तो रँकिनच्या नजरेत भरला.

च्यांग कै-शेकची बाहुली नाचवून माओच्या बाजूचा प्रचार करणारे हात, सतरा वर्षांनी जनरल इलेक्ट्रिकसाठी सांता क्लॉज हलवत होते. हे मी उपरोधाने लिहीत नाही. कारागिराला हाताला काम लागतं, आणि ते कुठल्या दिशेने येईल हे त्याच्या हातात नसतं.

या तंत्राला स्टॉप मोशन म्हणतात. रँकिनने त्याला ‘ॲनिमॅजिक’ असं बाजारू नाव दिलं, पण तंत्र सिनेमाइतकंच जुनं. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, त्याचं थोडं थोडं चित्रण करून, दाण्याचा वेल होताना दाखवला होता. तो पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला. पुढे त्यांनी काडेपेटीतल्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ही केली. तत्त्व तेच. वाटाणा आपणहून वाढतो, काडी आणि बाहुली मात्र हाताने हलवावी लागते. बाहुली उभी करायची, कॅमेऱ्याची एक फ्रेम घ्यायची, मान केसभर वळवायची, पुन्हा फ्रेम. पडद्यावर एका सेकंदाला २४ फ्रेम जातात. पन्नास मिनिटांच्या ७२,००० झाल्या. एका ठेवणीला दोन फ्रेम घेऊन भागवलं तरी ३६,००० वेळा कुणीतरी वाकून, श्वास रोखून बाहुलीला हात लावायचा. त्यात एकाच दृश्यात चार पात्रं असली की चौघांच्या माना, हात, पापण्या लक्षात ठेवायच्या. मधे टेबलाला धक्का लागला की सकाळपासूनचं काम वाया.

शिवाय ओठ. कुठला उच्चार कितव्या फ्रेमवर येतो याचा तक्ता समोर ठेवून बाहुलीचं तोंड बदलायचं, आणि तेही परक्या भाषेतल्या बोलण्यासाठी. बाहुल्या घडवणारे होते इचिरो कोमुरो, हलवणाऱ्यांवर देखरेख किझो नागाशिमा आणि मोचिनागांची. लाकूड, कातडं, कापड, शिशाची तार आणि याकचे केस, हे सामान. रूडॉल्फ वीतभरही नाही, जेमतेम सहा इंच. सांता अकरा इंच. रूडॉल्फच्या नाकात खरोखर पेटणारा इवलासा दिवा.

रेनडिअर जपानमध्ये रानात नाहीत. हरणं कशी चालतात, मान कशी टाकतात, उभी राहताना पाय कसे गोळा करतात, हे पाहायला ही मंडळी नारा शहरात गेली. नाराच्या देवळांभोवती शेकडो हरणं मोकळी हिंडतात, भाविकांच्या हातातला खाऊ घेतात. एकदा हे कळलं की चित्रपट वेगळा दिसू लागतो. रूडॉल्फ पाय मुडपून बसतो किंवा चाहूल लागून कान टवकारतो तेव्हा तो मला उत्तर ध्रुवावरचा वाटतच नाही, देवळासमोर खाऊची वाट पाहणारा वाटतो. जपानमध्ये नाताळला सुट्टीसुद्धा नसते. अमेरिकेच्या मनात नाताळची जी छबी कोरली गेली ती असा सण घरी नसलेल्या माणसांनी, नुसत्या निरीक्षणावर आणि कागदावरच्या आराखड्यांवर घडवली.

आणि पैशाचं काय? १९४९पासून १९७१पर्यंत एका डॉलरला ३६० येन हा दर बांधलेला होता. त्या दरात न्यूयॉर्कला टोकियोची कारागिरी परवडत होती. डिस्नेचं दर्जेदार ॲनिमेशन टीव्हीच्या तुटपुंज्या पैशांत शक्य नव्हतं. अमेरिकेतले बाकीचे टीव्ही स्टुडिओ मग चित्रं कमी करून, फक्त ओठ हलवून वेळ मारून नेत. बाहुलीपट धक्के खात हलतो, पण ती हालचाल खऱ्या प्रकाशात, खऱ्या सावलीसकट होते. मुलांना आपली खेळणीच रात्री जागी झाल्यासारखी वाटली.

प्रक्षेपण झालं. कार्यक्रमाच्या मधल्या जाहिरातीही त्याच बाहुल्यांच्या होत्या. सांताचे बुटके कारागीर जनरल इलेक्ट्रिकची घरगुती उपकरणं दाखवत होते, म्हणजे गोष्ट कुठे थांबली आणि दुकान कुठे सुरू झालं हे मुलांना कळू नये अशी सोय. आज हे कुणी केलं तर पालक कोर्टात जातील.

पालकांची तक्रार आली, पण ती वेगळ्याच बाबतीत. सांताने बेटावरच्या नकोशा खेळण्यांना घरं मिळवून द्यायचं कबूल केलं होतं, आणि चित्रपटात तो त्यांना घ्यायला गेलेला कुठे दिसलाच नाही. प्रेक्षकांनी पत्रं लिहिली. कंपनीने १९६५च्या प्रक्षेपणासाठी नवं दृश्य करून घेतलं. आता सांता बेटावर उतरतो, खेळणी गाडीत घेतो आणि छत्र्या लावून ती घराघरांवर सोडली जातात. या दुरुस्तीत काही कापलं गेलं. कॉर्नेलियस संपूर्ण चित्रपटभर कुदळ हवेत फेकतो, ती बर्फात रुतली की काढून चाटतो. मूळ शेवटी उलगडा होता, की त्याला पेपरमिंटची खाण हवी होती आणि ती सापडते. तो प्रसंग उडाला. पुढची कित्येक दशकं अमेरिकी मुलं, हा माणूस चव घेऊन सोनं ओळखतो, असं समजत मोठी झाली.

दुसरी गेलेली गोष्ट मला जास्त लागते. पहिल्या वर्षीच्या श्रेयनामावलीत एक कारागीर सांताच्या गाडीतून भेटींच्या पेट्या खाली टाकतो, आणि पडद्यामागे राबलेल्यांची नावं त्या पेट्यांवर लिहिलेली असतात. नकोशा खेळण्यांना न्याय मिळाला तो याच जागेत. पेट्या गेल्या, छत्र्या आल्या.

रँकिन आणि बॅस यांना आता एक गणित सापडलं होतं, पण ते लगेच उमगलं असं दिसत नाही. त्यांनी मोचिनागांच्या स्टुडिओकडून पूर्ण लांबीचे बाहुलीपट करून घेतले. ‘द डेड्रीमर’, ‘मॅड मॉन्स्टर पार्टी?’ वगैरे. चित्रगृहांत त्यांना गर्दी खेचता आली नाही. १९६६च्या थँक्सगिव्हिंगला त्यांनी वणव्यापासून जंगल वाचवणाऱ्या स्मोकी अस्वलाचा कार्यक्रम केला, १९६७ला डिकन्सची दुसरी एक नाताळकथा चित्रांत केली, १९६८ला मेफ्लॉवर जहाजावरच्या उंदराची. ही कामं आज हौशी अभ्यासकांपलीकडे फार कुणाला आठवत नाहीत.

दरम्यान इतर लोक मैदानात उतरले होते. ९ डिसेंबर १९६५ला कोका-कोलाच्या पैशावर चार्ली ब्राउनचा नाताळ आला, १८ डिसेंबर १९६६ला चक जोन्सचा ग्रिंच. दोन्ही रूडॉल्फपेक्षा नेटके आहेत, हे मान्य करायला हरकत नाही. चार्ली ब्राउनमध्ये तर नाताळच्या बाजारीकरणावरच दुःख व्यक्त केलेलं आहे, शीतपेयाच्या कंपनीच्या खर्चाने. पण चार्ली ब्राउन आणि ग्रिंच यांच्यामागे एकेका लेखक-चित्रकाराचं स्वतःचं जग होतं. चार्ली ब्राउनचा शुल्झ किंवा ग्रिंचचा डॉक्टर स्यूस यांच्यासारखा कुणी रँकिनकडे नव्हता. त्याच्याकडे साचा होता.

तो साचा पक्का झाला १९६८ ते १९७० या तीन डिसेंबरांत. सगळ्यांना पाठ असलेलं एक नाताळगीत घ्यायचं, म्हणजे नाव आपोआप गाजलेलं. म्युलरने त्या गाण्याच्या आगेमागे गोष्ट विणायची. निवेदनाला उतारवयातला एक लाडका नट आणायचा, म्हणजे आजी-आजोबाही बसतात. आणि बाहुल्या वा चित्रं जपानमध्ये. ‘द लिटल ड्रमर बॉय’मध्ये ग्रीअर गार्सन. १९६९च्या ‘फ्रॉस्टी द स्नोमॅन’मध्ये जिमी ड्युरांटी. १९७०च्या ‘सांता क्लॉज इज कमिंग टू टाउन’मध्ये फ्रेड ॲस्टेअर, पोस्टमनच्या वेशात. सांता लाल कपडे का घालतो, धुराड्यातूनच का येतो, मोज्यांत भेटी का ठेवतो, अशा मुलांच्या प्रश्नांची उत्तरं हा पोस्टमन देतो. पुराणात प्रत्येक व्रताला एक कथा असते ना, तशी म्युलरने अमेरिकी नाताळच्या एकेका रिवाजाला कथा लावून दिली. यातला बराचसा मजकूर त्याच्या डोक्यातला आहे, आणि आज लोकांना तो परंपरेतून आलेला वाटतो.

फ्रॉस्टीचं बाह्यरूप ‘मॅड’ मासिकाचा व्यंगचित्रकार पॉल कोकर याचं. रँकिनला ते हलत्या नाताळच्या शुभेच्छापत्रासारखं हवं होतं. चित्रं हलवली टोकियोच्या मुशी प्रॉडक्शनने. ‘ॲस्ट्रो बॉय’ करणाऱ्या ओसामु तेझुकांचा हा स्टुडिओ. सत्तरच्या दशकात काम टॉपक्राफ्ट या दुसऱ्या जपानी स्टुडिओकडे गेलं. १९७७चा ‘द हॉबिट’ तिथेच झाला. त्याच टॉपक्राफ्टने १९८४मध्ये हायाओ मियाझाकींचा ‘नौशिका’ बनवला, आणि तिथली अनेक माणसं पुढच्या वर्षी स्थापन झालेल्या स्टुडिओ घिबलीत गेली. आज घिबलीच्या नावाने हळवे होणाऱ्या मंडळींना सांगायला मला आवडतं, की त्या घराण्याच्या काही हातांचा सराव अमेरिकी टीव्हीच्या सणावारांच्या कामावर झालेला आहे.

मोचिनागांचा यातला सहभाग साठच्या दशकाअखेर संपला. १९९९ साली ते वारले. रँकिन २०१४मध्ये गेला, बॅस २०२२मध्ये. अमेरिकी टपाल खात्याने २०१४ला, पन्नास वर्षं झाली म्हणून, रूडॉल्फ, हर्मी, सांता आणि हिमराक्षस यांची चार तिकिटं काढली.

बाहुल्यांचं काय झालं तेही सांगतो. चित्रण संपल्यावर काही बाहुल्या टोकियोहून न्यूयॉर्कला आल्या, कारण प्रसिद्धीसाठी त्यांचे फोटो हवे होते. ते झाल्यावर कुणाला त्या नको होत्या. कार्यालयातल्या एका सेक्रेटरीने घरी नेल्या. तिच्या घरी दर नाताळला झाडाखाली त्या मांडल्या जात आणि मुलं त्यांच्याशी खेळत. बहुतेक खराब होऊन गेल्या. सांता आणि रूडॉल्फ उरले. २००५ साली ही जोडी त्या घरातून बाहेर आली तेव्हा सांताची अर्धी मिशी गळालेली होती आणि रूडॉल्फचं नाक गेलेलं होतं. त्या सुमारास त्यांची किंमत ठरली ८,००० ते १०,००० डॉलर. दुरुस्ती झाली, आणि नोव्हेंबर २०२०मध्ये लिलावात ही जोडी ३,६८,००० डॉलरला गेली. घेणाऱ्याने ती अटलांटा शहरातल्या सेंटर फॉर पपेट्री आर्ट्स या बाहुल्यांच्या संग्रहालयाला देऊन टाकली. दुरुस्तीनंतर रूडॉल्फचं नाक पुन्हा पेटतं.